एकच चूक

१९९२ साली परभणीच्या कॉम्प्युटर क्लासात बोरीचा पंडित वालूरच्या दैवशालावर मनातून जळायचा. परीक्षेसाठी पिकांची माहिती प्रोग्रॅमच्या तीन स्क्रीनवर दाखवायची होती; ती त्यानं प्रत्येक स्क्रीनवर पुन्हा पुन्हा टाइप केली होती. तिनं मात्र तिन्ही स्क्रीन एकाच फाइलीला जोडल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी ती पाणी प्यायला गेली, तेव्हा त्यानं हळूच तिच्या फाइलीत ज्वारीच्या जागी बाजरी घातली.

"दैवशाला, तिन्हीकडं चूक?" सरांनी विचारलं.

"एकच चूक हाय, सर." तिनं फाइलीत एकदाच ज्वारी लिहिली आणि तिन्ही स्क्रीन आपोआप सुधारल्या.

"लय झकास! बघा रे, जोडणी अशी पायजे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंडितनंही वाजवल्या, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिची ही वाहवा आपणच घडवून आणली, हे त्याला कुणापाशी बोलताही येईना.