दुपारच्या जेवणासाठी थांबलेलं घर

वॉकर्स फोर्ड हे गाव नदीकाठी चौदा वर्षं होतं. रेल्वे येणार म्हटल्यावर ते आठवड्याभरात उठलं, कारण रूळ तीन मैल उत्तरेला, माळावरून जाणार होते. १८८७ चा फेब्रुवारी होता आणि नेब्रास्काचा तो माळ दगडासारखा गोठला होता, म्हणून लोकांनी घरं पाडली नाहीत. घरांखाली जाड ओंडके घातले, पुढं खेचरं जुंपली आणि बर्फावरून घरं ओढत नेली. लोहाराची भट्टी गेली, चर्च गेलं. न्हाव्याचं दुकान गेलं तेव्हा आत गिऱ्हाईक बसलेलं होतं. दाढी थांबवली होती, असं न्हावी सांगतो. गिऱ्हाईक वेगळं सांगतं.

शेवटी उरल्या दोन खानावळी. एक एमॉस पेटिबोनची, दुसरी लुडमिला वोंद्राचेकची. रेल्वेच्या वतीनं नव्या गावाचे भूखंड विकणारे लॅथ्रॉपसाहेब यांनी जाहीर केलं होतं, की स्टेशनासमोरच्या कोपऱ्याच्या जागेवर जो आधी गरम जेवण वाढेल, त्याला ती जागा मिळेल. उतारू गाडीतून उतरले की समोर दिसेल तिथंच जेवायला जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. कोपरा हुकला तर लुडमिलाला ओमाहाला दिराकडं जावं लागणार होतं. दिराला सहा मुलं होती आणि धुणं धुवायला बाई हवी होती.

सोमवारी सकाळी दोन्ही खानावळी निघाल्या. लुडमिलाच्या घरात सात बिऱ्हाडकरू होते. ते आतच राहिले, आणि चूलही पेटलेलीच राहिली. घर ओढायचं काम गुंडर टॉर्केल्सन या नॉर्वेच्या गड्याकडं होतं. साडेअकराला त्याची चोवीस खेचरं पेटिबोनच्या पुढं पाव मैल होती आणि ओढ्याच्या खोलगट भागात उतरली होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून लुडमिलाचं डोकं बाहेर आलं.

"गुंडर, बारा वाजत आलेत. थांबव."

"आत्ता? बाई, ऊन बघा. बर्फ नरम पडतोय. एवढा चढ चढू द्या, मग हवं तर संध्याकाळपर्यंत जेवा."

"नऊ वर्षांत माझं ताट बाराला पाच मिनिटंसुद्धा उशिरा पडलेलं नाही. आणि तुझ्या धक्क्यांनी अर्धं सूप जमिनीला पाजलंय."

"शर्यत लागलीय, बाई!"

"मग पटकन जेव."

पलीकडच्या खिडकीतून खोगीर शिवणारा हायरम ओरडला, "गुंडर, वाद घालू नकोस. आम्ही सात जण नऊ वर्षं हरतोय."

गुंडरनं खेचरं सोडली. शहाजिऱ्याचं सूप, डुकराचं मटण, आंबवलेला कोबी आणि उकडलेल्या कणकेचे गोळे असं जेवण झालं. गुंडरनं गोळे तीनदा मागून घेतले, हे पुढं त्याच्याविरुद्ध बरंच वापरलं गेलं. दरम्यान पेटिबोनची खानावळ शेजारून गेली. त्याची माणसं चालता चालता थंड पाव चावत होती. पेटिबोननं टोपी उचलली.

"काय लुडमिलाबाई, मीठ बरोबर पडलंय ना?"

"बरोबर पडलंय. तुमच्याकडं काय आहे, हे विचारत नाही मी."

पाऊण वाजता खेचरं पुन्हा जुंपली. घर हललं नाही. ओंडके चिखलात वीतभर उतरले होते, संध्याकाळपर्यंत ते हातभर गेले. पेटिबोननं चार वाजता कोपऱ्याच्या जागेवर उकडलेला घेवडा वाढला आणि कोपरा जिंकला. घेवडा कच्चा होता. पण नियमात फक्त गरम म्हटलं होतं.

त्यानंतर थंडी परत आलीच नाही. गुंडरनं तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा दोर तुटले. दोघे बिऱ्हाडकरू पेटिबोनकडं गेले. नव्या गावाला लॅथ्रॉपसाहेबांनी आपल्या मेहुणीचं, मिलिसेंट हे नाव दिलं. त्याच आठवड्यात लुडमिलाला नोटीस आली. घर रेल्वेच्या जमिनीवर आहे, पहिली गाडी येईल त्या दिवशी, चौदा जूनला, ते हटलेलं नसेल तर पाडलं जाईल.

"बाई, माझी चूक झाली," गुंडर म्हणाला. "मी ऐकायला नको होतं."

"चूक माझी. तू फक्त जास्त जेवलास."

लॅथ्रॉपसाहेबांनी गाव उंचावर आखलं होतं, कारण उंचावरचे भूखंड चटकन विकले जातात. इंजिनाला पाणी लागतं, हा विचार त्या नकाशात नव्हता. तो रेल्वेच्या इंजिनिअरांनी मे महिन्यात केला. पाणी ओढ्यात, ओढा खोलगट भागात, म्हणून टाकी तिथंच उभी राहिली. लुडमिलाच्या दारापासून तीस पावलांवर.

चौदा जूनला तिनं ट्रंक भरून दाराशी ठेवली. मग घरात होतं नव्हतं ते सगळं पीठ मळलं. ते ओमाहाला कुणासाठी न्यायचं?

एक मैल वर, स्टेशनावर, बँड उभा होता. गाडी सव्वाबाराला आली आणि आधी टाकीपाशी थांबली. पाणी भरायला बारा मिनिटं लागतात. पहिल्या मिनिटाला कोबीचा वास डब्यांत शिरला, दुसऱ्या मिनिटाला इंजिनचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या मागून चाळीस उतारू आले, आणि त्यांच्यात या मार्गाचे सर्वांत मोठे साहेबही होते. लुडमिलानं कुणाला काही विचारलं नाही. ती वाढत सुटली.

लॅथ्रॉपसाहेब घोड्यावरून खाली आले तेव्हा मोठे साहेब पायरीवर बसून जेवत होते.

"साहेब, हे घर बेकायदा आहे. आज पाडायचं आहे."

मोठ्या साहेबांनी घड्याळ काढलं. "अकरा मिनिटांत सगळे जेवले. लॅथ्रॉप, जेवणासाठी आपण वर किती वेळ थांबणार होतो?"

"वीस मिनिटं, साहेब."

"म्हणजे इथं पाणी आणि जेवण दोन्ही आटपून वीस मिनिटं वाचतात. स्टेशन खाली आणा. या बाईंना या जागेचा कागद करून द्या." आणि त्यांनी ताट पुढं केलं. "अजून एक गोळा आहे का हो?"

"पाणी भरेपर्यंत आहे," लुडमिला म्हणाली.

स्टेशनामागून गावही खाली यायचं ठरलं, आणि लॅथ्रॉपसाहेब जुलैत मोजणीची साखळी आणि खुंट्या घेऊन आले. नव्यानं आखायचा मुख्य रस्ता रुळांना काटकोनात जायला हवा होता, आणि लुडमिलाचं घर तिरकं रुतलेलं होतं.

"बाई, एवढं घर सरळ करून घ्या."

"तुम्ही करा. गुंडरला विचारा, सोपं आहे."

गुंडर कुंपणाला टेकून उभा होता. तो नुसता हसला.

साहेबांनी दोनदा मोजलं, एकदा शिवी घातली आणि खुंट्या घराला धरून ठोकल्या. मिलिसेंटचा मुख्य रस्ता रुळांना आजही तिरकाच मिळतो. पेटिबोनला त्यावर दुसऱ्या वर्षी जागा मिळाली, पोस्टाच्या पलीकडं.