आधार केंद्राची गाडी

पेठ वडगावात शिवणकाम करणाऱ्या दानेश्वरीनं चुलत्यानं केलेला अत्याचार फक्त आईला आणि कोल्हापूरच्या आधार केंद्राला सांगितला होता. "मी एसटीनं येते," असं तिनं फोनवर विनवलंही. पण केंद्राच्या अध्यक्षा मृदुलाताईंना देणगीतली नवी गाडी मिरवायची होती. "कशाला हाल, पोरी? गाडी दारात येईल की!"

आली. दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत 'लैंगिक अत्याचारपीडित महिला आधार केंद्र', आणि त्याखाली, जरा बारीक, 'गुप्ततेची हमी'. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. गल्लीला वाचता चांगलं येत होतं.

सगळ्यांत आधी चुलताच पुढं झाला. "पावणं, कुणाच्यात आलायसा?"

"दानेश्वरी हितंच ऱ्हाती न्हवं?"

चुलत्यानं अक्षरं सावकाश वाचली, मग दारातल्या पुतणीकडं बघितलं. "काय गं, तू बोलावलीस व्हय?"

मागं उभ्या आईनं तिचा दंड आवळला.

"न्हाय काका," दानेश्वरी म्हणाली. "पत्ता चुकला असंल त्यांचा."

"असंल की." चुलता हसला. "च्या तरी घेऊन जावा, पावणं. दाने, टाक जा."

फुकटचा चहा कोण सोडतंय? ड्रायव्हर चुलत्याशेजारी कट्ट्यावर टेकला. दानेश्वरीनं दोन कप आणून दोघांपुढं ठेवले.