हात न लावलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यासमोर उभे राहून कधी कुणी भांग पाडला नाही. बिस्किटाएवढा माझा जीव. सध्या माझा मुक्काम टेबलाच्या खणात आहे, गंजलेले स्क्रू आणि वाळलेली पेने यांच्या सोबतीला.

माझी काच घासून इतकी गुळगुळीत केली होती, की तिला चुकून बोट लावणाऱ्या कामगाराला त्याच्या साहेबाने चांगलेच फैलावर घेतले होते. मग मला पातळ कागदात गुंडाळून एका प्रयोगशाळेत पाठवले. तिथे काळ्या पडद्याआड एका जड टेबलावर, पोलादी चौकटीत मला बसवले.

काम ऐकायला सोपे होते. समोरून लेझरचा प्रकाश आला, की आल्या वाटेने त्याला परत पाठवायचे. हा प्रकाश तुम्हाला दिसत नाही, मला दिसतो. जाणारा आणि परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळला, की हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत प्रकाशाचे खळगे तयार होत, अंड्यांच्या ट्रेमध्ये असतात तसे. त्यांत अतिशय गार केलेले अणू येऊन बसत. खळगे उथळ असले, की अणू आपपरभाव विसरून एकजीव होत आणि कुठेही न अडखळता वाहत. या अवस्थेला अतिप्रवाही म्हणतात. खळगे खोल केले, की प्रत्येक जण आपल्या जागी मुकाट बसे. आणि त्याहून गार झाले, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे. इवलीशी चुंबकेच ती! एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. ही नक्षी बघण्यासाठी ताई जिवाचे रान करत होती.

ताई म्हणजे तिथली संशोधक. वडिलांचा फोन आला, की ती पडद्याआडूनच बोलायची.

"अगं, अजून किती वर्षं त्या अंधारात बसणार आहेस?"

"बाबा, एकदाच डोळ्यांनी बघू दे. मग लगेच येते तुमच्याकडे."

मला जुळवताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मी केसभर हललो तरी सगळे अणू भुर्र उडून जात. शेवटी एकदाचे जमले, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "हा आरसा म्हणजे आपला खरा हिरो. आता याला कुणी हात लावायचा नाही." आणि माझ्या चौकटीवर तशी चिठ्ठी चिकटवली. मी केवढा फुशारलो होतो!

मग एका दुपारी धुळीचा एक कण माझ्यावर येऊन बसला. प्रकाशाने तो जळाला आणि जाताना माझ्या अंगावर चट्टा ठेवून गेला.

"मॅडम, आरशावर काहीतरी दिसतंय. पुसू का?" ताईने विचारले.

"वेडी आहेस का? जरा हलला तर महिनाभर बसशील जुळवत."

"पण चित्र पुसट येतंय."

"मग प्रकाश वाढव थोडा."

प्रकाश वाढला. चट्टाही वाढला. त्याच्या कडेवरून प्रकाशाचा एक बारीक धागा तिरका निसटू लागला आणि पडद्यावर जाऊन आदळू लागला. तिथे कापड तपकिरी पडले. ताईला करपल्याचा वास आला, पण तिने वायरी तपासल्या, प्लग तपासले. माझ्याकडे काही ती आली नाही. हात लावायचा नव्हता ना!

आत खुर्ची न्यायची नाही, असा तिथला नियम होता, कारण बसल्यावर डोळे प्रकाशाच्या उंचीला येतात. पण पाय दुखतात म्हणून ताईने खुर्ची आणलीच. तो धागा आता तिच्या कानाजवळून जात होता. तिच्या डोळ्यांवर लेझर अडवणाऱ्या हिरवट काचांचा जाड चष्मा असे, एवढाच काय तो माझा धीर. मला ओरडता येत असते तर!

आणि मग ती नक्षी उमटली. संगणकावर वरच्या अणूंचा रंग लाल होता, खालच्यांचा हिरवा. पण त्या चष्म्यातून दोन्ही सारखेच दिसत. ताईने चष्मा कपाळावर सरकवला आणि नक्षी डोळे भरून पाहिली. तिला हसू आवरेना. मग ती खुर्चीतच माझ्याकडे वळली.

"आरशा रे, तुझ्यामुळे जमलं!"

तो धागा तिच्या उजव्या डोळ्यात गेला. काहीच आवाज झाला नाही.

आता ती नक्षी बघताना मान तिरकी करते. उजव्या डोळ्याने सरळ पाहिले, तर मधोमध एक करडा डाग दिसतो आणि नेमके तेवढेच अणू त्याच्याआड जातात. मॅडमनी ती चिठ्ठी स्वतः फाडली. मला काढून इथे टाकले. मला फार वाईट वाटते, मित्रांनो, पण खणात पडल्याचे नाही.

तुमच्याही घरात असे काहीतरी असेल. नीट चालले आहे म्हणून कुणी त्याला हात लावत नसेल, त्याच्याकडे बघतही नसेल. आज ते उघडून पाहा. पुसा. बिघडले तर पुन्हा जुळवता येते.

ताई सध्या रजा घेऊन तिच्या बाबांकडे गेली आहे. इथे एक नवा संशोधक आला आहे. खण पुरता बंद होत नाही, त्यामुळे फटीतून मला प्रयोगाचे ते जड टेबल दिसते. माझ्या जागी बसवलेला आरसा त्याने काल जुळवला, आनंदाने टाळी वाजवली आणि चौकटीवर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये'.

आज दुपारी त्या आरशावर एक कण येऊन बसला आहे.