माल फळीवर

आमच्या घरात ‘डबा’ हा शब्द जपून वापरावा लागतो, आणि त्याला जबाबदार माझा नवरा आहे.

आम्ही दोघं मागच्या खोलीत बसून प्रोग्राम लिहितो. लिहिलेला सगळा कोड, कुणी कधी काय बदललं त्यासकट, एका सर्व्हरवर राहतो. असे सर्व्हर दुसऱ्यांचे वापरता येतात, सगळं जग वापरतं. पण आमच्या स्वारीचं म्हणणं, "आपला माल दुसऱ्याच्या घरी कशाला?" म्हणून कपाटावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं स्वतःचं कोठार थाटलं. ते चालतं कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला डबा. प्रोग्राम त्या डब्यात बसून काम करतो. डबा जुना झाला की टाकायचा, नवा लावायचा. कोड मात्र डब्यात ठेवायचा नाही, बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. त्या फोल्डरला आम्ही फळी म्हणतो.

"डब्याला जीव लावू नये. माल फळीवर असावा," हे प्रवचन नवरा रोज जेवताना द्यायचा. मी कानाडोळा करून जेवायचे. सासरे मात्र मन लावून ऐकायचे. ते गोदामातून निवृत्त झालेले. डबा, फळी, माल हे शब्द कानावर पडले की त्यांचा चेहरा खुलायचा. मुलगा शेवटी आपल्याच धंद्यात आला, असं त्यांना वाटत असणार.

त्या दिवशी दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. पेशंटच्या वेळा ठरवण्याचा आमचा प्रोग्राम त्यांना पसंत पडला, तर ते आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक. नाही पडला, तर सोमवारपासून मी परत जुन्या ऑफिसात. तिथल्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘भोंगा’ म्हणतात. मी राजीनामा दिला तेव्हा भोंगा म्हणाला होता, "तुमची खुर्ची ठेवतो हं. याल परत." ते ‘हं’ आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि नेमकी त्याच सकाळी, दाढी अर्धवट सोडून, नवऱ्याला कोठार अपडेट करायची हुक्की आली.

"आज? आजच?" मी ओरडले.

"अगं, चुटकीसरशी होईल. जुना डबा टाकतो, नवा लावतो."

दारातून सासऱ्यांनी विचारलं, "जुना डबा टाकायचा ना रे?"

"टाकायचाच, बाबा!" नवऱ्यानं मान वर न करता सांगितलं.

नवा डबा झोकात सुरू झाला. पडद्यावर अक्षरं उमटली : स्वागत आहे. आपलं पहिलं कोठार तयार करा.

"पहिलं?" मी म्हटलं.

नवरा सेटिंग चाचपू लागला आणि पांढराफटक पडला. फळीचा पत्ता लिहिताना त्यानं एक अक्षर चुकवलं होतं. म्हणजे आमची फळी पहिल्यापासून रिकामी, आणि माल सगळा डब्यात.

"आणि डबा?"

"टाकला," तो म्हणाला.

माझा लॅपटॉप चहात न्हाऊन दुरुस्तीला गेलेला. नवऱ्यानं ‘सगळं कोठारात आहेच की’ म्हणत स्वतःचा लॅपटॉप नुकताच पुसून लख्ख केलेला. माझ्या डोळ्यांपुढे भोंग्यानं राखलेली खुर्ची फिरायला लागली.

एकच आशा होती. रोज कोडची नक्कल एका छोट्या डिस्कवर उतरायची. ती कोमट असते म्हणून मांजर तिच्यावर मुक्काम ठोकायचं, म्हणून आम्ही तिला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं, वायरपुरतं भोक पाडून. मी कपाटाकडे वळले. वायर लोंबत होती. डबा नव्हता.

"बाबा! बिस्किटांचा डबा कुठाय?"

"तो गंजका? भंगारवाल्याला दिला की. विचारूनच दिला. अरे, पण ऐका तर..."

ऐकायला कोण थांबतंय! मी स्वयंपाकाचा एप्रन लावलेली, नवरा अर्ध्या गालाला साबण लावलेला, अशी आमची वरात रस्त्यावरून धावत सुटली. भंगारवाला कोपऱ्यावर हातगाडीचं चाक ठोकत होता.

"डबा! बिस्किटांचा! भोकवाला!"

"भोक पाहून घेता होय?" त्यानं आम्हाला नीट न्याहाळलं. "घ्या शोधून."

आम्ही गाडीवर चढलो. नवरा एका फुटक्या बादलीत पाय अडकवून बसला. डबा मला सापडला, तळाशी, एका पंख्याखाली. देवाचं नाव घेऊन झाकण उघडलं. आत बिस्किटाचा चुरा होता, मांजराचे केस होते आणि बाकी काही नव्हतं.

मला रडू कोसळलं. तिथंच, गाडीवर, मांडीवर डबा घेऊन मी हमसून हमसून रडले. नवरा माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला, आणि त्याच्या पायातली बादली खडखडत राहिली.

घरी आलो तर सासरे कंबरेवर हात ठेवून उभे. "पुरतं ऐकून घ्यायची सवयच नाही तुम्हाला. डबा टाकताना माल आधी फळीवर काढायचा, हे मला ठाऊक नाही होय? रोज ऐकतोय!"

स्वयंपाकघराच्या फळीवर, साखर आणि चहापत्तीच्या मधोमध, आमची डिस्क बसली होती. वर चिठ्ठी चिकटवलेली : माल.

माझा जीव भांड्यात पडला. डब्यात पडला असता, तर आमच्या घरात तोही कुणीतरी टाकून दिला असता.

कोड परत उतरवला, फळीचा पत्ता मी स्वतः लिहिला, आणि नवऱ्यानं उरलेला गाल साफ केला तोवर दारावरची बेल वाजली. प्रोग्राम गुणी बाळासारखा चालला. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पण माझ्या पेशंटांची माहिती हरवणार नाही ना?"

मी छताकडे पाहिलं.

"डबे येतात, जातात," सासरे चहा पुढे करत म्हणाले. "माल फळीवर असतो. मी जातीनं बघतो."

बाई खूश. "घरात इतकं जबाबदार माणूस आहे, मग काय!" असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. नवऱ्याला कुणी काही विचारलंच नाही.

सोमवारी भोंग्याचा फोन आला. "खुर्ची ठेवलीय हं. येताय ना?"

"टाकून द्या साहेब," मी म्हटलं. "माल फळीवर आहे."