न पाहिलेला बर्फ

"आणि त्या क्षणी," लाउडस्पीकरमधून काकासाहेबांचा आवाज भरून आला, "माझ्या आईनं तो बर्फ ओंजळीत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, 'काका, हे तर देवाच्या घरचं मीठ आहे रे!'"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये बट्ट्या तळत उभ्या असलेल्या बद्रीनाथनं झारा कढईच्या काठावर असा आपटला, की काकडी चिरत बसलेल्या बायका दचकल्या.

"काय झालं, महाराज?" आशाबाईनं विचारलं.

"काय नाय. एक जण खोटं बोलायलाय आन् दोनशे जण टाळ्या वाजवायलेत. तुम्ही चिरा."

गोदाई टूर्सचा स्नेहमेळावा होता. दर जानेवारीत चिकलठाण्याच्या अलीकडं, जालना रोडवरच्या या कार्यालयात मालक नानासाहेब जुन्या प्रवाशांना गोळा करत. पडद्यावर फोटो, प्रवासाचे अनुभव, येत्या उन्हाळ्याच्या सहलींची घोषणा आणि मग बद्रीनाथच्या हातचं जेवण. यंदा नवीन सहल जपानची होती. काकासाहेब ज्युनियर कॉलेजचे प्राचार्य. महिन्याभरापूर्वी एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचा 'आईचा बर्फ' हा लेख आला आणि शहरभर गाजला. आई हॉटेलात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तरी जिद्दीनं तिला व्हीलचेअरवरून, केबल कारनं पर्वतावर कसं नेलं, असं त्यात होतं. तोच लेख ते आज वाचत होते.

बद्रीनाथ मूळचा देवगाव रंगारीचा. घरची शेती भाऊ करायचा, हा लग्नाकार्यात आचारी म्हणून जायचा. एका लग्नात नानासाहेबांनी त्याच्या हातची येसर आमटी खाल्ली आणि त्याला पासपोर्ट काढायला लावला. त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत सात देश. गावात लोक म्हणत, बद्रीनं जग पाहिलं. बद्रीनं पाहिली होती ती सात देशांतल्या हॉटेलांची तळघरातली स्वयंपाकघरं. कुठल्या देशात फोडणी दिली की धुराची घंटा वाजते, कुठला नळ दाबायचा आणि कुठला फिरवायचा, हे त्याला पाठ होतं. सकाळचा नाश्ता वाढला की प्रवासी बसनं जायचे आणि हा रात्रीची कणीक भिजवायला घ्यायचा. घरी गेल्यावर बायको, साळूबाई, हटकून विचारायची, "आयफेल टावर कसा हाय वो?" मग रात्रीच्या जेवणावर प्रवासी जे बोलायचे, तेच तो तिला आपलं म्हणून सांगायचा.

मागच्या जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या हॉटेलात, बर्फाच्या डोंगरावर जायच्या दिवशीच सकाळी, काकासाहेबांची आई मनकर्णाबाई न्हाणीघरात घसरली. शहात्तर वर्षांचं वय. खुब्याचं हाड मोडलं. ल्युसर्नच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी बस पॅरिसला निघायची होती.

बसच्या पायरीशी नानासाहेब बद्रीनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तीन दिवसांचा सवाल हाय, बद्री. पॅरिसला इंडियन हॉटेलं पायजे तेवढी हायेत, तुझ्यावाचून अडणार नाय. तू मावशींजवळ थांब."

"मी थांबतो. पण साहेब कुठं चालले?" बद्रीनाथनं काकासाहेबांकडं पाहिलं. ते बॅग वर चढवत होते.

"मुलांनी वर्षभर पॅरिस पॅरिस केलंय हो," काकासाहेब म्हणाले. "आणि आई झोपूनच असणार. मी थांबून तरी काय करणार? तुम्ही काय, दरसाल येता, महाराज. तुमचं सगळं पाहून झालंय."

बद्रीनाथच्या तोंडात शिवी आली होती. ती त्यानं गिळली. पोटापाण्याचा प्रश्न असला की माणूस पुष्कळ गिळतो. बस हलली, खिडक्यांतून सगळ्यांनी त्याला हात केले, आणि त्यानंही वेड्यासारखा हात हलवला. त्या हाताचा त्याला पुढं कित्येक दिवस राग येत राहिला.

मनकर्णाबाईला पाव आणि चीज गिळवेना. बद्रीनाथ हॉटेलात मऊ भात आणि पातळ वरण करायचा, डबा घेऊन आगगाडीनं तासभर जायचा, तिला भरवायचा आणि शेवटच्या गाडीनं परत यायचा. खोलीच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची आणि एक झाड. नर्स भली होती. खुणांनी सगळं समजून घ्यायची. मनकर्णाबाई बोलायची शेताबद्दल, मेलेल्या नवऱ्याबद्दल, थोरल्या लेकाला, काकाला, शिकायला शहरात ठेवलं तेव्हा दर शनिवारी बारा कोस भाकरीचं गठुडं पोचवलं त्याबद्दल. आणि संध्याकाळ झाली की विचारायची, "काका कव्हा यिल?"

"रस्त्यात हायेत, मावशी." पहिल्या दिवशी बद्रीनाथ असं म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या जिभेनं ते म्हणायचं नाकारलं.

"पॅरिसला गेलेत, मावशी. लेकरंबाळं, सून, समदे."

म्हातारीनं पुढं आलेला घास हातानं थांबवला. मग म्हणाली, "लई लांब असंल ना ते?"

"व्हय. लांब हाय."

"मंग यिऊ दे सावकाश."

काकासाहेब पाचव्या दिवशी आले, हातात चॉकलेटचा मोठा डबा घेऊन. बाकीची मंडळी पॅरिसहून परस्पर घरी गेली होती. सातव्या दिवशी दवाखान्यातून गाडी निघाली ती थेट विमानतळावर. बद्रीनाथ त्या गाडीत होता. व्हीलचेअर त्यानंच ढकलली होती. वाटेत ना डोंगर आला, ना केबल कार.

आता तोच माणूस माइकवरून देवाच्या घरचं मीठ सांगत होता.

"इथं मी आईलाच बोलावतो," लाउडस्पीकर म्हणाला. "आई, तूच सांग सगळ्यांना. कसा होता बर्फ?"

बद्रीनाथनं गॅस बारीक केला आणि झारा हातात तसाच घेऊन हॉलच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला. पहिल्या रांगेत मनकर्णाबाई बसली होती. समोर वॉकर. सुनेनं तिच्यापुढं माइक धरला. म्हातारीनं एकदा माइककडं पाहिलं, एकदा लेकाकडं.

"म्या नाय पाह्यला बर्फ," ती म्हणाली.

लोक हसले. लाडानं हसतात तसे.

"म्या दवाखान्यात व्हते. सात दिस. ह्यो पॅरिसला गेलता. मीठबीठ म्या काय बी म्हणले नाय."

हसणं विरलं. काकासाहेब स्टेजवरून खाली आले, बायकोच्या हातातला माइक हळूच काढून घेतला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. चेहऱ्यावर हसू तसंच. "त्या पडण्यापासून आईला नीट आठवत नाही," ते म्हणाले. "गोष्टींची सरमिसळ होते. वयोमानानं चालायचंच. आपण समजून घ्यायचं."

हॉलभर 'च्च' असा आवाज उमटला. लोकांचे चेहरे सैल झाले. कुणी तरी म्हणालं, "बिचाऱ्या."

खोट्या बर्फापेक्षा तो आवाज बद्रीनाथच्या जास्त वर्मी लागला. बाईला डोंगरावर नेलं नव्हतं ते नव्हतंच. तिच्या तोंडी न बोललेलं बोलणं घातलं, आणि ती खरं बोलली तर तिला दोनशे माणसांत वेडी ठरवलं.

मनकर्णाबाई मान वळवून मागं बघत होती. "बद्री व्हता माझ्यापशी," ती माइकशिवाय म्हणाली. "इचारा बद्रीला."

पहिल्या रांगेतल्या नानासाहेबांनीही मागं पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाले: नाय. बद्रीनाथला ते स्पष्ट कळलं. जपानच्या सहलीसाठी त्याचे व्हिसाचे कागद कालच गेले होते.

तो चालत पुढं आला. झाऱ्यावरचं तेल फरशीवर ठिबकत होतं.

"मावशी," त्यानं मोठ्यानं विचारलं, "दवाखान्यातल्या नर्सबाईचं नाव काय होतं?"

"रेगुला," म्हातारी तत्काळ म्हणाली. "लई मायाळू."

"खिडकीतून काय दिसायचं?"

"गाड्या. आन् एक झाड, आपल्या चिंचंएवढं."

"तुम्हाला आणायला साहेब कितव्या दिवशी आले?"

"पाचव्या."

बद्रीनाथ लोकांकडं वळला. स्वयंपाकघरातल्या गोंगाटावर मात करायची सवय असलेला त्याचा आवाज माइकशिवाय हॉलभर गेला. "आठवत नाय म्हणे! हिला समदं आठवतंय. विसरलेत ते हे साहेब. आन् तुम्ही! तुमच्यातले बारा-पंधरा जण त्या बसमधी होते. मावशी तिथं पडलेली असताना हे तुमच्यासंगं आयफेल टावरवर होते. तुमच्या मोबाइलात फोटो हायेत त्याचे. तरी टाळ्या वाजवता? शरम हाय का कुणाला?"

चौथ्या रांगेतल्या एका गृहस्थानं मोबाइल खिशात घातला.

"तुम्ही आचारी आहात, महाराज," काकासाहेब म्हणाले. "आपली पायरी ओळखून बोला."

"आचारीच हाय. तुमच्या आईला सात दिस मी भरवलंय, तव्हा कुठं गेलती पायरी? जायचं तर खुशाल जायचं पॅरिसला. पण नीट सांगायचं, गेलो म्हणून. म्हातारीचा बर्फ कशाला इकता?"

मनकर्णाबाईनं वॉकरवरचा एक हात उचलला. "बास, बद्री," ती म्हणाली. "झालं सांगून."

बद्रीनाथ थांबला. तो वळला आणि शेडमध्ये गेला. पाठोपाठ नानासाहेब आले.

"अरे, अक्कल हाय का तुला? वर्षभराची इज्जत घालवलीस माझी! आज बुकिंगचा दिवस होता."

"खोटं ते बोलले. इज्जत मी घालवली व्हय?"

"जपानला मी दुसरा माणूस नेतो. कळलं? आजचं वाढून दे आन् सुट्टी घे."

"न्या. पण त्याला आधीच सांगून ठेवा, माणूस पडलं की त्याच्यापाशी मागं राहायचं काम बी आचाऱ्याकडंच असतंय."

नानासाहेबांनी आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाले, "वाढायला घ्या. लोक खोळंबलेत," आणि निघून गेले.

लोक जेवले. चवीनं जेवले, दोनदा दोनदा आमटी मागून घेतली. वाढताना बद्रीनाथनं कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. त्या बसमधली एक बाई ताट पुढं करत हळूच म्हणाली, "बरं केलंत हो, महाराज." त्याला तिच्यावरही राग आला. तिनं हे हॉलमध्ये का म्हटलं नाही? पण तिच्या ताटात त्यानं बट्टी वाढली.

पंगत आवरत आली तेव्हा तो घमेली धुवायला मागच्या नळावर आला. बाजूच्या पोर्चमध्ये काकासाहेबांची गाडी चालू होती. सून आणि मुलं आत बसून होती, काचा वर. पायरीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मनकर्णाबाई बसली होती. आशाबाईनं तिच्या मांडीवर ताट आणून दिलं होतं.

"आई, घरी जेव. चल," काकासाहेब म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांच्या आवाजात विनवणी होती. येणारेजाणारे बघत होते.

मनकर्णाबाईनं बट्टी चुरली, त्यावर वरण घेतलं. तिला दात थोडे होते. एकेक घास ती सावकाश घोळवत होती. काकासाहेब गाडीच्या उघड्या दाराला हात लावून उन्हात उभे होते. तिनं आशाबाईला खुणेनं बोलावलं आणि आणखी थोडं वरण मागून घेतलं.