जाळून पाहिलेला धागा

आजकाल पुष्कळ घरांत एक दार असं असतं, की त्याच्यापलीकडून हसण्याचा आवाज आला की अलीकडच्या माणसांचं जेवणातलं लक्ष उडतं. अड्याळच्या मधुकररावांच्या घरात ते दार माडीवरच्या छोट्या खोलीचं होतं, आणि हसणारी होती त्यांची सून मोनिका.

मधुकररावांचं घराला लागूनच कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान होतं. हातमागाशी नातं पिढ्यांचं. आता दुकान त्यांचा एकुलता मुलगा अंकुश पाहत होता. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. मोनिका गोंदियाची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. "दुसऱ्या जिल्ह्याची सून आनली," असं शेजारीण म्हणाली, तेव्हा सासू कौशल्याबाई फटकन बोलल्या होत्या, "काल-परवापर्यंत आपलाच होता नं तो! जिल्हा तुटला म्हनून मानसं तुटली का?"

दुकानाच्या बिलांसाठी घेतलेला संगणक माडीवर होता. दुपारची आवराआवर झाली की मोनिका कानाला हेडफोन लावून त्याच्यासमोर बसायची. मग खाली आवाज यायचे. "उजवीकडून या!" "अरे, मी आहे, घाबरू नको!" आणि मग हसणं.

"कोनाशी बोलते ते?" एकदा जेवताना अंकुशने आईला विचारलं.

"गेम खेलते म्हनते. तिचा भाऊ अंकुर असते, अन् कोनी इश्वर म्हनून हाय, साखर कारखान्यात कामाले."

"इश्वर? तो कोन लागते आपला?"

"मले काय इचारतं? बायको तुही हाय. तिले इचार."

अंकुशने विचारलं नाही. नवऱ्याने बायकोला असं विचारायचं म्हणजे आपण घाबरलो हे कबूल करायचं, असं त्याला वाटलं. न विचारलेला प्रश्न मात्र पोटात राहिला. संशयाची रीत मोठी विचित्र असते. मोनिका हसली की त्याला वाटायचं, ती त्या इश्वरला हसली. गप्प बसली की वाटायचं, त्याची आठवण काढत असेल. तिने त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली, तर हे कशावर पांघरूण घालायला? दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच पारड्यात टाकणारा तराजू कधी खरं वजन दाखवील का?

कौशल्याबाईंनाही शंका आली होती, हे खोटं नाही. पण एका दुपारी त्या तांदूळ निवडायचं सूप घेऊन सरळ माडीवर गेल्या आणि मोनिकाशेजारी बसल्या.

"दाखव बरं मले, काय हाय त्यात एवढं."

मोनिका खुलली. तिने हेडफोन काढला, आवाज मोठा केला. दूरच्या कुठल्याशा ग्रहावरचं युद्ध होतं ते. लाल माती, दोन चंद्र, लोखंडी चिलखतातले सैनिक. यात एकेका सैनिकाला हुकूम देता येत नाही, तो तुकडीला द्यायचा. बुद्धिबळासारखी आळीपाळी नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी चालतात, विचार करायला घड्याळ थांबत नाही. आणि जिथे आपली तुकडी पोचलेली नाही, तेवढा नकाशा काळोखात असतो.

"अन् हे कोन मरून राह्यले?" खडे निवडता निवडता कौशल्याबाईंनी विचारलं.

"आपलेच, आई. म्हणून तुकडी मागे घेते आहे. तळावर एक जरी परत आला ना, तरी त्याच्याभोवती पुन्हा तुकडी भरता येते. सगळे गेले तर संपलं, नवी उभारावी लागते."

तेवढ्यात संगणकाच्या स्पीकरमधून आवाज आला, "कोण, काकू आहेत का? नमस्कार काकू, मी इश्वर. तुमच्या सूनबाई फार रागावतात हो आम्हाला!"

"रागवन नाही तं काय करन? तुमी मरून राह्यले नं सारे!" कौशल्याबाई म्हणाल्या, आणि तिकडे इश्वर आणि अंकुर खो-खो हसले.

त्या संध्याकाळी त्यांनी अंकुशला सांगितलं, "मी पाहून आली. मोकळेपनानं बोलतेत लेकरं. तूही जाऊन बस तिच्याजवळ."

"तू भोळी हायेस आई," अंकुश म्हणाला. "तुयासमोर कोन कायले काही बोलन?"

कापडाच्या धंद्यात खऱ्या कोशाची एक परीक्षा असते. थानाच्या, म्हणजे कापडाच्या ताग्याच्या, टोकाचा एक धागा ओढायचा आणि पेटत्या काडीला लावायचा. खरा असला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राखेचा चिमटीत भुगा होतो. नकली असला तर वितळून कडक गोळी होते. अंकुश लहानपणापासून हेच पाहत आला होता. कोणाच्या शब्दावर जायचं नाही, धागा जाळायचा! त्याने ठरवलं, तीच परीक्षा इथेही घ्यायची.

माल पोचवायला तो दर शुक्रवारी एस.टी.ने भंडाऱ्याला जात असे. तिथे बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून त्याने तो खेळ शिकून घेतला. नाव घेतलं 'वाटसरू'. तिकडे अंकुरची परीक्षा आली आणि मोनिकाच्या गटात एक जागा रिकामी झाली. वाटसरू तिथे शिरला. आवाज ओळखू येऊ नये म्हणून त्याने सांगितलं, माझ्याकडे माईक नाही, मी लिहून बोलेन. मग शुक्रवारच नव्हे, मधल्या वारीही त्याला भंडाऱ्यात कामं निघू लागली.

खेळ त्याला येत नव्हता. तुकडी संपेपर्यंत तो ती एकाच जागी उभी ठेवायचा. मोनिका चिडायची नाही. पडद्यावर तिची अक्षरं उमटायची : "वाटसरू, मागे घ्या. मागे घेणं म्हणजे हरणं नाही." दोनदा तिने आपली तुकडी धाडून त्याची वाचवली. हाच धीर तिने घरी आपल्याशी बोलताना कधी दाखवला होता का, असं त्याच्या मनात आलं. आपण तिला घरी तशी संधी कधी दिली होती का, हे मात्र मनात आलं नाही.

एकदा त्याने विचारलं, "लग्न झालंय?"

"हो."

"नवरा कसा आहे?"

तिने आपली तुकडी आधी तळावर परत नेली. मग अक्षरं आली : "चांगला आहे. दुकानात कापड हातात घेऊन बोलतो ना, ते ऐकत राहावंसं वाटतं. घरी आला की गप्प. काहीतरी मनात आहे, पण विचारत नाही. विचारलं तर सगळं सांगेन."

दुसऱ्या कुणाचं मन इथेच वितळलं असतं. अंकुश मात्र चरफडला. घरातल्या गोष्टी परक्याला सांगते! पुढच्या शुक्रवारी त्याने धाग्याला काडी लावली.

"मीही भंडारा जिल्ह्यातलाच. तुझं घर मला माहीत आहे, अड्याळला. तुझा नवरा शुक्रवारी गावात नसतो. पुढच्या शुक्रवारी भेटू या."

पडद्यावर मोनिकाच्या तुकड्या जागच्या जागी थांबल्या. शत्रू चाल करून आला, एकेक सैनिक पडत गेला, तरी त्या हलल्या नाहीत. मग तिचं नावच पुसलं गेलं.

अंकुश खुर्चीत मागे रेलला. छातीवरचा धोंडा उतरला होता. खरा कोसा! अस्सल! बसस्टँडवर त्याने पेढे घेतले आणि मिळेल त्या गाडीने तो घरी निघाला.

घराच्या दाराला आतून कडी होती. दिवसाढवळ्या कडी लावायची या घरात रीत नव्हती.

"कोन हाय?" आतून कौशल्याबाईंचा आवाज आला.

"मी, आई. कडी काहून लावली?"

दार उघडलं. मोनिका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. तिला पाहून पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातच राहिला.

"एक माणूस आहे," ती म्हणाली. "गेममध्ये आला होता. मी त्याला शिकवलं. त्याला आपलं घर माहीत आहे. तुम्ही कधी नसता तेही माहीत आहे. अहो, तो दुकानात येऊन गेला असेल. मी त्याला चहासुद्धा दिला असेल!"

सांगून टाकायची ती वेळ होती. अंकुश म्हणाला, "जाऊ दे, कोनी टवाळ असन. विसरून जा." आणि हात धुवायला मोरीकडे गेला.

ती विसरली नाही. खेळ तिने संगणकावरून काढून टाकला. दुकानात येईनाशी झाली. गिऱ्हाईक घराकडे पाहून नुसतं हसलं तरी ती आत जायची. इश्वरच्या मेलला तिने उत्तर दिलं नाही. तोच वाटसरू असला तर, असं ती म्हणाली. तिचं जेवण सुटलं. आणि अंकुशला दिसू लागलं की आपल्या मनातला संशय गेलेला नाही, त्याने फक्त माणूस बदलला आहे. आपल्या अंगातून निघून तो तिच्या अंगात शिरला आहे. आता ती साऱ्या गावाकडे तशी पाहत होती, जसा तो तिच्याकडे पाहत आला होता!

गुरुवारी सकाळी कौशल्याबाईंनी पायात चप्पल घातली. "चाल मोनिका. उद्या शुक्रवार हाय, आपन आजच ठान्यात जाऊ. अंकुश, तूबी चाल. त्या भाड्याले धुंडून काढू दे पोलिसाले."

"आई, नको."

"काहून नको? तुया बायकोच्या जिवावर आलं, अन् तू नको म्हनतं?"

अंकुश खाटेवर बसला. "तो मीच होतो," तो म्हणाला.

मोनिका त्याच्याकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली, "मी त्याला बाहेर शोधत होते. तो तर रोज घरात जेवत होता." मग तिने विचारलं, "आता कडी कोणत्या बाजूने लावू?"

ती माडीवर निघून गेली.

"मले फक्त खात्री करायची होती," अंकुश आईला म्हणाला. "ते खरी निघाली, आई. मले तं आनंदच झाला."

"आनंद?" कौशल्याबाईंनी चप्पल काढून कोपऱ्यात भिरकावली. "अरे, आपन एक धागा जाळतो, तवा थानाले काही होत नाही. म्हनून ते परीक्षा चालते. मानसाचं थान असते का? त्यात एकच धागा राह्यते रे, ईस्वासाचा. तो जाळला अन् राख चिमटीत घेऊन म्हनतं, खरा होता! आता खरा होता त्याचा काय उपेग?"

"पन इश्वरसंगं हसत होती ते..."

"हसली तं काय झालं? दुकानात दहा बाया येतेत, त्याइच्यासंगं तू हसत नाही का? मी कदी तुया मांगं वाटसरू होऊन आली का? मलेबी शंका आल्ती, मी लपवत नाही. पन मी सूप घेऊन तिच्याजवळ बसली, इचारलं. तुले ते बारा पायऱ्या चढनं जड गेलं, अन् भंडाऱ्याले जानं सोपं वाटलं!"

अंकुशची मान खाली गेली. खरंच, केवढा हा मूर्खपणा! जे एका प्रश्नात कळलं असतं, त्यासाठी त्याने सोंग घेतलं, खोटं बोलला, आणि ज्या घराची राखण करायला निघाला होता त्याच घरात चोरासारखा शिरला.

काही दिवस मोनिका त्याच्याशी कामापुरतं बोलली. त्याने तिला मनवायला साडी आणली नाही की पेढे आणले नाहीत. एका दुपारी दुकान मधुकररावांवर सोपवून तो माडीवर गेला. दार उघडंच होतं, तरी तो उंबऱ्याबाहेर थांबला.

"आत येऊ का? एक विचारायचं आहे."

"विचारा."

"तो गेम पुन्हा टाकशील का? मले अंकुरशी अन् इश्वरशी बोलायचं आहे. तुह्या समोर."

तिने खेळ पुन्हा बसवला, आणि अंकुर-इश्वर दोघेही खेळात आल्यावर हेडफोन बाजूला ठेवून आवाज मोठा केला. अंकुश उंबरा ओलांडून पुढे आला.

"मी अंकुश. मोनिकाचा नवरा. वाटसरू म्हनून जो आला होता, तो मीच. इश्वरभाऊ, मी तुमच्यावर घाण संशय घेतला. तिच्यावरही. तिची काहीच चूक नव्हती, हे तुमच्यासमोर सांगायले आलो."

"जिजाजी," अंकुर म्हणाला, "ताई जेवत नव्हती. आईले फोनवर नुसती रडत होती. तुम्ही हे कसं करू शकले?"

"चुकलो," अंकुश म्हणाला.

मग इश्वर म्हणाला, "दादा, खेळात तुमचा एकच दोष होता. चुकीच्या जागी उभे आहोत हे कळूनही तुम्ही तुकडी मागे घेत नव्हता. आज पहिल्यांदा घेतली."

मोनिकाच्या ओठांवर काहीतरी आलं आणि गेलं. "माफ केलं असं समजू नका," ती अंकुशला म्हणाली. "तुकडीतला एकच परत आला आहे. भरायला वेळ लागेल." आणि भिंतीजवळचं स्टूल तिने पायाने आपल्या खुर्चीशेजारी ओढलं.

अंकुश बसला. समोर नकाशाचा मोठा भाग काळोखात होता.

बंधु-भगिनींनो, आपल्या माणसाच्या मनाचा जो भाग आपल्याला दिसत नाही, तिथे शत्रूच दडला आहे असं धरून आपण किती घरांत चाल करून जातो! बायकोचा फोन चोरून पाहणारा नवरा, मुलीच्या मैत्रिणींना आडून प्रश्न विचारणारे आईबाप, सगळ्यांना वाटतं की आपण खात्री करून घेतो आहोत. पण काळोखात शिरायचा सरळ रस्ता एकच आहे : जवळ बसा आणि तोंडाने विचारा. उत्तर मिळेल तेव्हा ऐका. विश्वास जाळून तपासायचा नसतो, तो रोज थोडा थोडा विणायचा असतो.