दीड क्विंटलचा धडा

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला डोळे नाहीत. त्यामुळे पुढे जे काही सांगेन ते सगळं ऐकलेलं आहे. शिवाय माझं निम्मं आयुष्य लाऊडस्पीकरच्या संगतीत गेलं, म्हणून स्वभाव जरा बढाईखोर झाला आहे. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की एका माणसाने मला तोंडाजवळ धरून "एक, दोन, तीन" म्हटलं आणि लगेच खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं नेरला, कापसाच्या गावी, जफरभाईंच्या दुकानात. मांडवात लाऊडस्पीकर लावून देण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी मला रुमालाने पुसलं, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि तारेला जोडलं.

ते दिवस काय वर्णावे! लग्नं, उरूस, गणपती, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे मी. कापसाच्या बाजारात गाड्यांचे नंबर माझ्यातूनच पुकारले जायचे. जत्रेत मूल हरवलं की त्याची आई रडत माझ्याकडेच यायची. एकाने बोलायचं आणि हजारांनी गपचूप ऐकायचं, हा जगाचा नियमच आहे असं मला वाटे. मागच्या रांगेतल्या माणसाला काही विचारायचं असेल, हे कधी माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग बिनतारी माइक आले. मला ड्रॉवरमध्ये जागा मिळाली, जळक्या फ्यूजांच्या शेजारी. तीन वर्षं मला कोणी हातही लावला नाही. मी पार रुसून बसलो होतो. वरून कोणाचं लग्नाचं बुकिंग ऐकू आलं की जीव नुसता जळायचा.

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर एका दुपारी ड्रॉवर उघडला.

"अब्बा, मोबाइलमध्ये आवाज घुमतो. एखादा माइक आहे का तुमच्याकडे?"

"है ना बेटा. पुराना है, लेकिन दमदार है."

दमदार हा शब्द ऐकला आणि माझा सगळा रुसवा गेला.

ही जफरभाईंची मुलगी गझाला. शाळेत गणित शिकवायची. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं अशा बायकांना दहावीला बसवण्याचं एक अभ्यासकेंद्रही ती सांभाळायची. आसपासच्या खेड्यांतल्या अठरा बायका तिच्याकडे होत्या. रविवारी नेरला वर्ग भरायचा. पण कापसाची वेचणी सुरू झाली आणि वर्गात तीनच जणी उरल्या. त्यात त्या साली गुलाबी बोंडअळीने कहर केला होता. जवळच्या वावरांत वेचण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं, म्हणून बायका पहाटेच ऑटोत कोंबून बसून लांबलांबच्या गावी जायच्या. त्यांच्या आठवड्यातून रविवारच निघून गेला होता.

त्या अठरा जणींत विमलताईंची घाई सगळ्यात मोठी होती. गावच्या अंगणवाडीत त्या नऊ वर्षं मदतनीस. सकाळी खिचडी शिजवायची, पोरांना जेवू घालायचं, आणि दुपारी वेचायला जायचं. तिथल्या सेविका रुखमाबाई येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. दहावी पास असल्या तर विमलताईंना त्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. बाकीचे विषय सुटले होते, गणितात मात्र त्या दोनदा राहिल्या होत्या.

"यंदा नाही तं मंग कधीच नाही, मॅडम," त्यांनी फोनवर सांगितलं होतं. "बाहेरून कोणी पोरगी येईन, अन् मी तिच्या हाताखाली खिचडीचे गंज घासत राहीन."

म्हणून गझालाने मोबाइलवर धडे पाठवायचं ठरवलं. जफरभाईंनी एक तार जोडून मला तिच्या मोबाइलला लावलं. समोर बस स्टँड, सारखे हॉर्न. त्यावर उपाय म्हणून त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत चारी भिंतींना गाद्या टांगल्या. गझाला फळ्याजवळ उभी राहिली आणि पहिला धडा सुरू झाला. शाळेचा तास पंचेचाळीस मिनिटांचा, म्हणून धडाही पंचेचाळीस मिनिटांचा. "आता फळ्याकडे बघा," ती म्हणायची, "हे इथून इकडे आलं, हे याच्याशी कटलं." माझा आवाज तर अगदी खणखणीत लागला होता.

धडा गेला. रात्रीपर्यंत अठराही जणींचं उत्तर आलं: समजलं मॅडम.

असे नऊ धडे झाले. नऊही वेळा अठरा समजलं. गझाला खूश, मी तिच्याहून खूश. मग तिने चाचणी घेतली. अकरा जणींनी काहीच पाठवलं नाही. उरलेल्या सात जणींनी वहीच्या पानाचे फोटो पाठवले, त्यात एकही उदाहरण बरोबर नव्हतं. विमलताईंच्या पानावर वरती त्यांचं नाव सुंदर अक्षरात होतं आणि खाली पान कोरं.

"अब्बा, येत नाही तर समजलं म्हणतात कशाला?" गझालाने विचारलं.

"इज्जत करते हैं, बेटा," जफरभाई म्हणाले. "मांडव में भी सब बोलते, आवाज बराबर है. पीछे जाके खडे रहो, तब मालूम पडता."

गझाला मागे जाऊन उभी राहिली नाही. अजून तरी नाही. तिने दहावा धडा आणखी मेहनत घेऊन बनवला. विषय होता सरासरी. बायकांना आपलं वाटावं म्हणून तिने उदाहरण कापसाचं घेतलं. "एका बाईने पहिल्या दिवशी दीड क्विंटल कापूस वेचला, दुसऱ्या दिवशी पावणेदोन आणि तिसऱ्या दिवशी सव्वा. तर तिने रोज सरासरी किती कापूस वेचला?" उत्तरही तिनेच सांगितलं, दीड क्विंटल, आणि धडा पाठवून दिला.

त्या संध्याकाळी तिचा मोबाइल जो वाजायला लागला, तो थांबेचना. लिहिलेलं नव्हतं काही, बोलून पाठवलेले निरोप होते. पहिला तांड्यावरच्या सुखीबाईंचा.

"मॅडम, दीड क्विंटल? बाई वेचून राह्यली का टॅक्टर?"

मागे दहा-बारा जणींचं हसू. मग दुसरा निरोप, तिसरा. "आमाले दाखवा तं खरं हे बाई!" "यंदा तं दिवसभर वाकून वीस किलो होत नाही, मॅडम. निस्ती कवडी हाय." कवडी म्हणजे अळीने खाऊन कडक झालेला, डागाळलेला कापूस. सगळ्यात शेवटी विमलताई बोलल्या, दबकत दबकत.

"मॅडम, राग नका मानू. चांगल्या साली एक बाई चाळीस किलो वेचते. लय झालं तं पन्नास. मी यंदा सोमवारी अठरा वेचला, मंगळवारी पंधरा, बुधवारी बारा. म्हंजे तिन्ही दिवसाचे झाले पंचेचाळीस. तं रोजचा पडला पंधरा. मॅडम, हे बरोबर हाय का? यालेच सरासरी म्हंतेत का?"

गझालाने तो निरोप चार वेळा ऐकला. आधी ती हसत होती, मग तिचं हसणं थांबलं. "कापसाच्या गावात जन्मले," ती म्हणाली, "आणि एक बाई दिवसाला किती वेचते हे मी कोणाला विचारलंसुद्धा नाही." मित्रांनो, मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दीड क्विंटल मीच तर खणखणीत आवाजात पोहोचवले होते.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी काढली, मला पिशवीत घातलं आणि बायकांच्या ऑटोत बसून वावरात गेली.

आयुष्यात मी इतक्या मांडवांत गेलो, पण वावरात पहिल्यांदाच आलो होतो. कापसाच्या झाडांच्या वाळक्या पराट्यांना लुगडी घासत होती. बोंडातून कापूस ओढल्याचा बारीक आवाज सगळीकडून येत होता. त्यातच कुठून तरी, खूप दबलेला, माझाच आवाज आला: "आता फळ्याकडे बघा."

"हा कुठे वाजतोय?" गझालाने विचारलं.

"ओटीत," विमलताई म्हणाल्या. मॅडम येणार म्हणून त्या दिवशी त्यांनी अंगणवाडी रुखमाबाईंवर सोडली होती. वेचलेला कापूस ठेवायला बायका कमरेला जी झोळी बांधतात, ती ओटी. मोबाइल त्या कापसाच्या खाली होता. "फळा कुठून पाहू, मॅडम? मोबाइल ओटीत अन् दोन्ही हात बोंडात. संध्याकाळी घरी गेल्यावर मोबाइल मालकाच्या हातात. आमाले कान तेवढे रिकामे रायतेत."

ऐकणाऱ्याच्या बाजूने मी स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. गुदमरलेला, तुटक, कशाचा कशाला पत्ता नसलेला तो आवाज ऐकून माझी सगळी घमेंड उतरली.

गझालानेही एक पात धरली. पात म्हणजे एका बाईच्या वाट्याच्या ओळी, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. पात संपेस्तोवर बायका बोलत राहतात. धुऱ्यावर पोचल्या की कंबर सरळ करतात, ओटी रिकामी करतात, पाणी पितात, आणि पुन्हा नवी पात. दिवसभर तिच्या तोंडून "आई गं" ऐकू येत होतं, कारण बोंडांची वाळकी टोकं बोटांना टोचत होती. संध्याकाळी वजन झालं. गझालाचा कापूस भरला तीन किलो.

"मॅडम, दीड क्विंटलले किती दिवस लागन मंग?" एकीने विचारलं.

"पन्नास," सुखीबाई तिथल्या तिथे म्हणाल्या. कागद नाही, पेन नाही. चाचणीत याच सुखीबाईंनी काहीच पाठवलं नव्हतं.

त्यानंतर धडे बदलले. आता धडा अर्ध्या पातीएवढा असायचा. फळा गेला. जे सांगायचं ते कानाला कळेल असं सांगायचं, आकडे सावकाश बोलायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट. धडा संपताना एक प्रश्न, म्हणजे धुऱ्यावर पाणी पिताना त्यावर बायकांची वादावादी व्हावी. उदाहरणं आता बायकाच पाठवायच्या. विमलताईंची सगळी खिचडीची: चाळीस पोरांना एवढे तांदूळ, तर बत्तीस आले तर किती? लिहून सोडवायचं एकच गणित असायचं, आणि त्याचा फोटो जिथे रेंज मिळेल तिथून, दोन दिवसांनी आला तरी चालायचा. गझालाने एक नियमही केला. नुसतं समजलं लिहायचं नाही. कुठे अडलं तेवढं सांगायचं.

पण सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. जानेवारीत वावरं मोकळी पडली आणि सुखीबाई घरच्यांबरोबर लांब कुठे कामाला गेल्या. त्यांना पाठवलेले धडे पोहोचलेच नाहीत. ज्या बाईने पन्नास असं पटकन सांगितलं, ती परीक्षेला बसली नाही. गझाला अजूनही तिचा नंबर अधूनमधून लावते. तो बंद आहे, असं पलीकडून सांगतात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी दुकानात फोन वाजला तेव्हा गझाला बाहेर गेली होती, म्हणून जफरभाईंनी उचलला. पलीकडून फक्त रडणं. जफरभाई घाबरले. "ताई, काय झालं? बोला तं खरं!" बऱ्याच वेळाने विमलताई म्हणाल्या, "त्रेचाळीस, भाऊ. गणितात त्रेचाळीस." जफरभाईंनी बाजूच्या हॉटेलातून सगळ्या गल्लीला चहा पाजला. पुढे विमलताईंना रुखमाबाईंची जागा मिळाली. गावातली पोरं तर त्यांना आधीपासूनच बाई म्हणायची, आता सरकारही म्हणायला लागलं.

पुढच्या हंगामात बायकांची नवी तुकडी आली. एक धडा विमलताईंनी बोलावा असं गझालाने ठरवलं आणि त्यांना दुकानात बोलावलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास जोरात चालला होता. जफरभाईंनी पंखा बंद केला.

"बायांनो, मी विमल," त्या म्हणाल्या. "मागच्या साली मी बी तुमच्यासारखीच पातीवर हे ऐकत होती. तुमी आज कोनाच्या वावरात आहा? अन् सकाळपासून किती वेचला?"

आणि त्या गप्प झाल्या.

खोलीत काहीच आवाज नव्हता. मी थांबलो. मित्रांनो, माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्यासमोर उभं राहून कोणी असं गप्प बसलं नव्हतं. गझालाला वाटलं त्या पुढचं विसरल्या. ती हळूच कुजबुजली, "बोला ना, विमलताई."

"थांबा ना, मॅडम," विमलताईही कुजबुजल्या. "त्याईले सांगू तं द्या."

जफरभाई नंतर धड्यातून ती शांतता कापून टाकायला निघाले होते. गझालाने कापू दिली नाही. कुजबूजसुद्धा तशीच राहिली. दोन दिवसांनी नव्या तुकडीतल्या एकीने निरोप पाठवला, की धडा ऐकताना ताई गप्प झाल्या तेव्हा अख्खी पात मोबाइलकडे तोंड करून ओरडत होती: सोळा, एकवीस, साडेअठरा.

तर मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंना जपा, पुसा, कोरड्या जागी ठेवा, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी दूरच्या माणसाला काही शिकवायला निघालं, तर त्याचे हात कशात गुंतले आहेत ते आधी विचारा. आणि त्याला प्रश्न विचारलात, तर उत्तर द्यायला त्याला वेळ द्या. तुम्हाला ऐकू येत नसेल, पण तो उत्तर देत असतो.